गवत्याची पसंती

"उंची जरा जास्तच वाटते," मी म्हणाले.

गेनबानं हातातल्या धामणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. धामण त्याच्या दंडाला दोन वेढे देऊन उरली होती आणि उरलेली अंगणात लोळत होती.

"वैनीसाब, सापाला उंची नसती. लांबी असती."

"तेच ते. एवढी घरात मावायची कुठे?"

"वळली की मावती."

"नको. अंगानंही थोराड आहे. आपण कळवू."

"कुनाला कळवू?"

"तुम्हाला."

"मी हितंच हाय की!"

मी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्यानं धामण पोत्यात घातली, पोत्याचं तोंड बांधलं, नळावर हात धुतले आणि पायरीवर बसून पोहे संपवले. दाराच्या चौकटीला टेकून माझी नणंद कुंदा उभी होती. दोन वेण्या, शाळेचा परकर, वय वर्षं चौदा. तिचा चेहरा दगडासारखा होता. "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी," एवढंच म्हणून ती आत गेली.

ही गोष्ट पासष्ट सालच्या हिवाळ्यातली. नीरेच्या कालव्यावर एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला तीन खोल्यांचं घर होतं. आमचे हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ऊस खात्यात होते. हातात काठी, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ती काठी धाडधाड आपटत ते फडातून चालले की पलीकडच्या बांधावरची माणसं विड्या विझवायची. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मी मे महिन्यात लग्न होऊन वाईहून आले. आणि कुंदाला साप पाळायचा होता.

आज कुणी साप पाळला तर वनखात्याची माणसं दारात उभी राहतील, आणि राहायलाच हवीत. तेव्हा तसा कायदा नव्हता. शिवाय आमच्याकडे साप काही लांबून आणावे लागत नव्हते. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या मोळ्यांबरोबर ते गाड्यांतून कारखान्यावर यायचे. मोळी उचलली की खालून साप निघायचा. त्यांना उचलून कालव्यापलीकडे सोडून यायचं काम गेनबाचं. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, सापाशी बोलावं तसंच माणसांशी बोलणारा माणूस.

आता मुख्य गोष्ट सांगते. मी सापाला भीत होते. नुसती भीत नव्हते. वाईला लहानपणी घाटाच्या पायरीवर एक साप पाहिला तर मला तीन दिवस ताप आला होता. आणि हे घरात कुणालाही माहीत नव्हतं, कारण मी खोटं बोलून त्या घरात आले होते.

मला अकरा ठिकाणांहून नकार आला होता. बारावी मंडळी म्हणजे टिपणीस. मामंजी, त्यांची एक बहीण, आमचे हे आणि कुंदा. मोठ्यांचे नेहमीचे प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, शिक्षण कुठवर. मग कुंदा एकदम म्हणाली, "तुम्हाला सापाची भीती वाटते का?"

सगळे हसले. मामंजी म्हणाले, "पोरीला साप पाळायचाय. बघू त्या मुलीला हाच प्रश्न विचारते."

माझ्या वडिलांचा चेहरा मला समोर दिसत होता. बाराव्या वेळचे पोहे होते ते. मी म्हणाले, "नाही." तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण मी पुढे म्हणाले, "साप तर मला आवडतात."

आठ दिवसांत होकाराचं पत्र आलं.

दिवाळी झाली आणि जेवताना सापाचा विषय पुन्हा निघाला. आमचे हे म्हणाले, "पाळू दे की. प्रयोगशाळेत जुन्या तराजूची काचेची पेटी भंगारात पडलीय, ती आणतो. तिची पुढची काच वर सरकते." मामंजी बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "दिवसभर घरात असते सूनबाई. तेव्हा कुठला साप, आणि मुळात आणायचा की नाही, ते सूनबाई ठरवील. तिला पसंत पडला तरच येईल."

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनींना तर आवडतातच," ती म्हणाली.

भीती वाटते म्हणावं तर बघण्याच्या कार्यक्रमातला खोटेपणा उघडा पडणार. आईविना वाढणारी मुलगी, तिनं ज्या एका उत्तरावर मला घरात घेतलं तेच खोटं निघालं तर ती माझं तोंड का पाहील? आधीच ती कामापुरतं बोलायची. आणि भीती वाटत नाही म्हणावं तर साप घरात येणार. रात्रभर विचार करून मला एक वाट सापडली. नकार कसा द्यायचा हे महाराष्ट्रात माझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं? साप बघायचे, पोहे करायचे, आणि प्रत्येकात खोट काढायची. त्यासाठी शोधाशोध करायची गरज नव्हती. लोकांनी माझ्यात काढलेलं सगळं पाठ होतं.

"उंच आहे" हे सातारच्या लोकांनी मला म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी गेनबा दिवड घेऊन आला. पाण्यातला साप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. मी तीन हात लांब उभी राहून निरखून बघत असल्याचा आव आणला. तेवढ्यात दिवडानं गेनबाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

"बिनविषारी हाय," गेनबा अंगठा चोखत म्हणाला. "जरा तिखट हाय, एवढंच."

"फटकळ दिसतो," मी म्हणाले. "नव्या घरात जमवून घेणारा हवा."

"हितं कुनाशी जमवायचंय त्याला? पेटीत तर ऱ्हानार!"

"तरी स्वभाव हा स्वभावच. नाही का हो वन्सं?"

"तुम्ही म्हणाल तसं," कुंदा म्हणाली.

फटकळ मला पुण्याच्या एका मावशींनी ठरवलं होतं. पोह्यांत मीठ कमी आहे असं त्यांचा मुलगा म्हणाला, आणि मी म्हणाले, मीठ समोरच आहे. तेवढ्यावरून.

तिसऱ्या रविवारी कवड्या आला. लहानसा, तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. दिसायला खरंच नाजूक. खोट निघेना. मी पदराशी चाळा करत राहिले.

"खातो काय?"

"पाली. घरातल्या समद्या पाली संपवंल."

"वय?"

"लग्नाचं न्हाई अजून," गेनबा म्हणाला. आता तोही सरावला होता.

"पट्टे जरा मण्यारीसारखे नाहीत का?"

"दिसाय सारका, पर मन्यार न्हवं. मन्यार इखारी. ह्यो गरीब."

"तेच म्हणते मी. लोक विचारतील, हा नक्की कुणातला? घराण्याविषयी शंका नको. गैरसमज होतात."

गेनबानं कवड्या परत मडक्यात सोडला, तोंडाला फडकं बांधलं आणि पोह्यांची बशी न घेताच उठला. "वैनीसाब," तो म्हणाला, "खोट नसल्याला साप देवानं केला न्हाई. मानूस बी न्हाई. आता एक बार आनतो. त्यो न्हाई पटला तर पुन्यांदा मला बोलवू नका. माझं पोटच बिगडलं पव्ह्यानं."

मी आत गेले. कुंदा सासूबाईंच्या तसबिरीसमोर पाटावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे गदगदा हलत होते.

मी दारातच थांबले. घराण्याची शंका काढून मला नाकारलं होतं त्या दिवशी मीही अशीच बसले होते, वाईच्या घरात, धान्याच्या कोठीमागे. लोकांनी जे माझ्याशी केलं तेच मी तीन रविवार एका पोरीशी करत होते, आणि वर मला त्याची मजा वाटत होती. मी तशीच मागच्या पावली वळले. पुढचा साप कसलाही असला, अगदी अजगर असला, तरी हो म्हणायचं ठरवून टाकलं.

चौथ्या रविवारी गेनबानं गवत्या आणला. कोवळ्या उसाच्या पात्याच्या रंगाचा, हातभर लांब, डोळे काळे आणि गोल. गेनबाच्या तळहातावर वेटोळं करून तो निवांत पडला होता.

"ह्याच्यावानी गरीब साप न्हाई," गेनबा म्हणाला. "आठवड्याला एक बेडूक दिला की काम झालं. मी आनून देत जाईन. कवातरी मान फुगिवतो, नागावानी. तवा भिऊ नका. नाटक करतो त्यो. आतनं त्योच भेदरल्याला असतो."

"पसंत आहे," मी म्हणाले.

गेनबानं तोंडाचा आ केला. कुंदा माझ्याकडे बघतच राहिली. आनंदानं वाचा बसली असेल असं मी समजले.

"नीट बघितलात ना, वहिनी?" तिनं विचारलं. "मान फुगवतो म्हणाले ते."

"फुगवू दे."

"हिरवा आहे."

"मला हिरवा आवडतो."

ती एक पाऊल मागे सरकली. "तुम्ही म्हणाल तसं."

पेटी मागच्या पडवीत ठेवली. त्यानंतरचे आठ दिवस घरात इतकं सौजन्य होतं की विचारू नका. पेटीतल्या वाटीत पाणी घालायची वेळ आली की कुंदा म्हणायची, "वहिनी, तुम्ही घाला, तुमची हौस." मी म्हणायची, "छे, साप तुमचा, वन्सं, मी कशाला मधे पडू?" शेवटी आमचे हे कामावरून आले की पाणी घालायचे आणि म्हणायचे, "दोघींचा जीव आहे या सापावर, पण कामाला मीच!" मामंजी तर पडवीच्या बाजूला फिरकतच नव्हते. हंगामात त्यांना फार काम असतं असं ते सांगायचे.

नवव्या दिवशी गेनबा एक बेडूक देऊन गेला. ह्यांची दुपारची पाळी होती. कुंदा शाळेत. बेडूक मडक्यात उड्या मारत होता. मी तासभर वाट पाहिली, देवाचं नाव घेतलं, चुलीतला लांब चिमटा आणला, एका हातानं पेटीची काच वर सरकवली, डोळे मिटले आणि चिमट्यातला बेडूक आत सोडून दिला. काच खाली ओढली आणि धावत स्वयंपाकघरात आले.

साडेचारला कुंदा आली. मी शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवायच्या बेतात होते.

"वहिनी," पडवीतून तिचा आवाज आला. बारीक आवाज होता. "पेटीत बेडूक आहे."

"हो, मीच घातला."

"नुसताच बेडूक आहे."

मी दाराशी गेले. काच दोन बोटं वर राहिली होती. बेडूक कोपऱ्यात बसून गळा हलवत होता. आम्ही दोघींनी पेटीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि मग एकाच वेळी मागे वळून स्वयंपाकघराच्या जमिनीकडे पाहिलं. फरशीच्या मधोमध गवत्या होता. त्यानं डोकं उचललं आणि मान पसरून चपटी केली.

पुढचं मला नीट आठवत नाही. सासूबाईंना आजारपणात खाली बसवेना म्हणून मामंजींनी कारखान्याच्या सुताराकडून एक जेवणाचं टेबल करून घेतलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा मी त्या टेबलावर उकिडवी बसले होते, आणि कुंदा माझ्या शेजारी, माझा दंड दोन्ही हातांनी आवळून.

बराच वेळ दोघीही धापा टाकत होतो.

"तुम्हाला आवडतात ना साप?" कुंदा म्हणाली.

"तुम्हाला पाळायचा होता ना?" मी म्हणाले.

खाली गवत्यानं मान पूर्ववत केली आणि तो टेबलाच्या पायाकडे सरकला. आम्ही दोघी आणखी आत सरकलो.

"मला जन्मात कधी साप पाळायचा नव्हता," कुंदा म्हणाली. "दादाच्या लग्नाचं सुरू झालं ना, तेव्हा म्हटलं, आईच्या घरात कुणी नको. म्हणून जी मुलगी बघायला जाऊ तिला सापाचं विचारायचं. चौघी जणी 'ई' करून उठल्या. एकीची आई तर म्हणाली, असल्या घरात मुलगी देणार नाही. सगळं छान चाललं होतं."

"आणि मग?"

"मग तुम्ही म्हणालात आवडतात!" ती रडकुंडीला आली होती. "अण्णा म्हणाले, पोरीच्या मनासारखी वहिनी मिळाली. मी काय बोलणार? त्यात तो साप खराच आणायचं निघालं. मग तुम्ही एकेकाला नाही म्हणायला लागलात. मला वाटायचं, देवच पावला."

"पण तुम्ही रडत होतात त्या दिवशी. आईंच्या तसबिरीसमोर."

"रडत कुठे होते? हसत होते. कवड्याचं घराणं काढलंत तुम्ही! आईला सांगत होते मी ते." ती थांबली. "तुम्हाला कसं माहीत असतं हे सगळं? उंची, घराणं?"

मग मी तिला अकरा नकार सांगितले. सातारचा सांगितला, पुण्याचा सांगितला, आणि एका मुलाच्या आजोबांनी मला चालायला लावून माझ्या टाचा तपासल्या होत्या तोही सांगितला. टाचांशी ती हसायला लागली ती टेबल हलेपर्यंत. मलाही हसू आवरेना.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "मग अजून वाटतं का तसं? मी जावं असं?"

कुंदानं टेबलाच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं.

"आता कुठे जाता?" ती म्हणाली. "साप खाली आहे."

तेवढ्यात पुढच्या दारी काठीचा आवाज आला. मामंजी. मी सवयीनं पदर डोक्यावर घेतला, टेबलावर बसल्या बसल्या. ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आम्हाला पाहून थबकले.

"हे काय? सूनबाई? कुंदे?"

"अण्णा, साप सुटलाय," कुंदा म्हणाली. "तो बघा, तुमच्या बुटाशी."

पंचवीस वर्षं उसाच्या फडात काढलेला तो माणूस. मला वाटलं, आता काठीनं अलगद उचलून पेटीत ठेवतील. मामंजींनी खाली पाहिलं. मग धोतराचा सोगा एका हातात धरला, खुर्चीवर पाय दिला, खुर्चीवरून टेबलावर आले, आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "सूनबाई, जरा सरका."

मी सरकले. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी खुर्चीवरसुद्धा बसले नव्हते.

"अण्णा, तुम्हीपण?" कुंदा कुजबुजली.

"काठी काय हौसेनं आपटत जातो वाटलं तुला?" मामंजी रागानं म्हणाले. "म्हटलं, आवडतात म्हणाली तरी घरात आणायला सूनबाई नाही म्हणेल, घरातली बाईमाणूस. आमच्यावर यायला नको. तर या म्हणे पसंत आहे!"

टेबल कुरकुरलं. तिघांपैकी कुणीच हललं नाही. खाली गवत्यानं जीभ लपलप केली, मामंजींच्या बुटांचे ओले ठसे हुंगले आणि तो सरळ शेगडीच्या दिशेनं निघाला. शेगडीत निखारे फुलले होते. खाली राखेतही दोन-तीन पडले होते.

"तिकडे कुठे चाललाय हा?" मामंजी म्हणाले.

"ऊब लागली असेल त्याला," मी म्हणाले.

"भाजेल तो," कुंदा म्हणाली. मग मोठ्यानं, "वहिनी, भाजेल ना तो!"

तो शेगडीपासून दोन हातांवर होता. मी मामंजींकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी एक पाय खाली सोडला. फरशी गार लागली. मग दुसरा. माझ्या तोंडातून काहीतरी आवाज येत होता, तो स्तोत्राचा असावा.

मागे धप्पकन उडी पडली.

"थांब, वहिनी," कुंदा म्हणाली. "तू डोक्याकडून ये, मी शेपटीकडून येते."

"आणि मी?" मामंजींनी वरून विचारलं.

"तुम्ही बसा, अण्णा!"

मी वाकले आणि हात घातला. गिळगिळीत लागेल, ओलं लागेल, अशी मनाची तयारी केली होती. तसं काहीच नव्हतं. नुकत्या निवडून ठेवलेल्या गव्हात हात जावा तसं लागलं. कोरडं, स्वच्छ, आणि आतून काहीतरी हळूहळू सरकणारं. मी डोळे उघडले. त्याची मान माझ्या बोटांत होती आणि शेपूट कुंदाच्या. तो मधे लोंबत होता आणि त्याचा कुठे काही निषेध दिसत नव्हता.

"धरला," कुंदा म्हणाली. तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. "वहिनी, धरला की आपण!"

"हो."

"आता?"

पेटी पडवीत होती, दहा पावलांवर. दोघी मिळून आडव्या चालत तिथपर्यंत गेलो. काच वर सरकवली. बेडकानं आमच्याकडे पाहिलं.

"सोड तू आधी," कुंदा म्हणाली.

"तू सोड."

"मी सोडली तर तो तुझ्याकडे वळेल."

"मी सोडला तर तुझ्याकडे."

आम्ही तशाच उभ्या राहिलो, पेटीच्या दोन बाजूंना, एक टोक हिच्या हातात आणि एक माझ्या. बाहेर कारखान्याचा पाच वाजताचा भोंगा झाला. आतून मामंजी विचारत होते, झालं का, झालं का. आणि दोघींपैकी कुणीच आधी सोडेना.